घरचा चेहरा

(वाशी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी आधी 'कला आणि समाज' असा विषय सुचवला होता. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे रंगवत आलो, तेव्हा त्याच विषयावर बोलू द्या म्हणून मागून घेतलं. माणसाचं हुबेहूब चित्र म्हणजे काय, ते जिवंत कशानं होतं आणि आपल्याकडे ते कोणी काढलं, एवढंच आज बोलणार आहे.

आपल्याच जिल्ह्यातून निघू. तेरचं लामतुरे संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल, आणि घाईघाईत पाहिलं असेल. तिथं सातवाहन काळातल्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पांढरी चिकणमाती पुढच्या आणि मागच्या अशा दोन साच्यांत दाबायची, दोन्ही अंगं जोडायची आणि भाजायची, अशी त्यांची रीत. केसांची रचना, कानातले, गळ्यातले बघत राहावं असं काम आहे. चेहरे मात्र एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. साचा म्हटल्यावर ते ओघानं आलंच.

त्या काळी तेरचं नाव तगर होतं. 'पेरिप्लस' नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते येतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून गाड्या भरून कापड भडोचला जातं. भडोचहून ते जहाजात चढायचं आणि लाल समुद्रातून इजिप्तकडे निघायचं. त्याच इजिप्तमध्ये, फायूम नावाच्या सुपीक टापूत, पहिल्या ते तिसऱ्या शतकात लोक एक वेगळंच काम करत होते. मेणात रंग कालवून लाकडाच्या पातळ फळीवर माणसाचा चेहरा रंगवायचा, आणि माणूस गेला की ती फळी त्याच्या ममीच्या तोंडावर कापडपट्ट्यांनी बांधायची. अशी नऊशेच्या आसपास चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. एखाद्याला नुकतीच मिसरूड फुटलेली, एखादीचा एक डोळा दुसऱ्याहून किंचित लहान, एखादा दाढी वाढलेला मास्तर वाटावा असा. दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसं उद्या येरमाळ्याच्या यात्रेत दिसली तर आपण ओळखू.

म्हणजे एकाच व्यापाराच्या दोन टोकांना दोन कामं चालली होती. इथं साच्यातला चेहरा, तिथं एका विशिष्ट माणसाचा चेहरा. इथले कारागीर हातानं कमी होते असं कृपा करून समजू नका. त्यांना कोणा एकीचं चित्र हवंच नव्हतं, बाईपण हवं होतं. ती गरज वेगळी. पण मला असं वाटतं की साच्याची ती सवय आपल्याला फार खोल लागली, आणि अजून सुटलेली नाही.

आपल्या घरांत चित्रं होती ती देवांची आणि संतांची. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीला माणसाचा चेहरा मिळाला, तोही घरोघर. क्रांतीच होती ती. पण पुढं काय झालं? तोच चेहरा कॅलेंडरवाल्यांचा साचा झाला. तेच डोळे, तीच जिवणी, गालावर तोच गुलाबी रंग. संत गोरोबाकाकांनी कुंभार म्हणून उभा जन्म चिखल तुडवला, तरी कॅलेंडरवर ते बघा, नुकतेच उटणं लावून उठल्यासारखे.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत तर नवल घडलं. भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून बरीच वर्षं छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी खटपट करून डच लेखक व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातलं चित्र पुढं आणलं, तेव्हा म्हणजे १९३३ साली लोकांना महाराज कसे दिसत याचा धागा मिळाला. सुरतेच्या एका इंग्रज पाद्र्यानं १६६४ च्या पत्रात त्यांचं वर्णन केलं आहे. मध्यम उंची, ताठ बांधा, धारदार नजर आणि बोलताना जणू हसतो आहे असा चेहरा. यातला हसरेपणा आपल्या किती चित्रांत उतरला? कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी जुन्या चित्रांचा अभ्यास करून काढलेलं चित्र पुढं शासनानं मान्य केलं. ते गंभीर आहे, भारदस्त आहे, आणि माझ्या मते चांगलं आहे. पण त्यानंतर जो तो त्याचीच नक्कल करत बसला, हा दोष कांबळ्यांचा नव्हे.

समोर बसवून, प्रकाश पाहून, युरोपीय पद्धतीनं मराठी माणसाचं चित्र काढलं गेलं ते पेशवाईच्या अखेरीस. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात होता. त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र केलं, महादजी शिंद्यांचंही केलं. नानांचा तो लांबोडा, हाडकुळा, सावध चेहरा आपण आज ओळखतो तो वेल्समुळे. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयानं गंगाराम तांबट हा आपला माणूसही तेव्हा चित्रं काढत होता. वेरूळची त्याची रेखाटनं आजही थक्क करतात. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल निघालं, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, तिची प्रदर्शनं आणि पदकं सुरू झाली. हा इतिहास पुस्तकांत आहे, त्यात मी तुमचा वेळ घेत नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड इथल्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या, एवढंच सांगतो.

मला जे सांगायचं आहे ते वेगळं आहे. त्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी चित्रकारांनी संस्थानिक रंगवले, गव्हर्नर रंगवले, शेठजी, न्यायमूर्ती, पुढारी रंगवले. त्यातलं कितीतरी काम उत्तम आहे. तरीही डोळे मिटले की आठवतात ती चित्रं दरबारी नाहीत, घरच्या माणसांची आहेत.

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं उदाहरण घ्या. सावंतवाडीचा माणूस. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचं एक जलरंगातलं चित्र आहे. एक बाई हातात समई घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा केला आहे. ते अनेकांनी रविवर्म्याच्या नावावर खपवलं, अजून खपवतात. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, रविवर्मा तर १९०६ मध्येच गेले. चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. लग्नानंतरच्या गीताबाई उपळेकर. कोल्हापुरात राहत, आणि शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या.

हे चित्र आपण दिव्यासाठी लक्षात ठेवतो. चित्रकार म्हणून मी त्यात बोटं बघतो. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांच्या कडा लालसर झाल्या आहेत, कारण उजेड मांसातून आरपार येतो. घरी वीज गेल्यावर मोबाईलच्या बॅटरीवर हात ठेवून बघा, तसंच दिसेल. आता जलरंगात खरी मेख अशी, की त्यात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. जिथं सर्वांत जास्त उजेड, तिथं कागद कोरा ठेवायचा. म्हणजे त्या ज्योतीचा लखलखाट हा रंग न लावल्याचा लखलखाट आहे. भोवतालचा अंधार थरावर थर देऊन आणायचा आणि एवढासा कागद शेवटपर्यंत वाचवायचा. एक ओघळ चुकला की चित्र गेलं. असं काम करताना समोरचं माणूस कंटाळून चालत नाही, आणि महाराजांना किंवा शेठजींना 'हात जरा वर धरा, अजून वर, हलू नका' असं कोण म्हणणार? मुलीला म्हणता येतं.

गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद. त्यांना १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते 'दोल्चे फार निएन्ते' या चित्रासाठी. काही न करता निवांत पडून राहण्याचं सुख, असं ते इटालियन नाव. आरामात रेललेली बाई त्यांची पत्नी आहे. आणि अगदी आपल्या काळातलं सांगायचं तर वासुदेव कामत. अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना २००६ मध्ये मिळाला. जगभरातून आलेल्या चित्रांत पहिलं आलेलं ते चित्र कोणाचं? त्यांच्या पत्नीचं.

हा योगायोग मी मानत नाही. घरचं माणूस पैसे देत नाही, त्यामुळे 'नाक जरा सरळ करा', 'रंग जरा उजळ दाखवा' अशी फर्माईश करत नाही. हे एक कारण झालं, पण ते वरवरचं. खरं कारण असं, की चित्रकारानं ते माणूस आजारपणात, रागात, झोपेत, सणाला आणि सुतकात पाहिलेलं असतं. समोर ते तासभर बसतं, पण ब्रशात वीस वर्षांचं बघणं असतं. कुठला भाव त्या चेहऱ्यावर पाहुणा आहे आणि कुठला मुक्कामाला आहे, हे त्याला ठाऊक असतं. हुबेहूब म्हणजे मुक्कामाचा भाव पकडणं. बाकी नाक, डोळे मोजून काढणारे पुष्कळ आहेत.

मोजणं कमी लेखत नाही हं मी. त्याशिवाय काही होत नाही. नवशिक्या मुलाला माणसाचं डोकं काढायला सांगा, तो डोळे वर काढतो, कपाळाची पट्टी उरते. खरं तर डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात: हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच डोळ्यांपासून टाळूपर्यंत. कपाळात बघण्यासारखं काही नसतं म्हणून मन ते आखडून घेतं. दुसरं, डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, तो राखाडी असतो. तिथं पांढरा रंग भरला की माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. तिसरं म्हणजे डोळे बारीक करून बघणं. आपण ऊन लागल्यावर बघतो तसं. पापण्यांचे केस, सुरकुत्या, तीळ सगळं विरघळतं आणि चेहऱ्यावर उजेडाचे आणि सावलीचे दोन-चार मोठे आकार उरतात. ते आकार बरोबर आले की पन्नास फुटांवरून बायको नवऱ्याला ओळखते तसं चित्र ओळखू येतं. तेवढ्या अंतरावरून तिला त्याचे तीळ थोडेच दिसतात? हल्ली पेन्सिलीनं त्वचेचं छिद्रन् छिद्र काढलेली चित्रं मोबाईलवर फिरतात. चिकाटीला नमस्कार. मला ती पाहून त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गेलात तर नाटकाच्या आधी पाच मिनिटं काढून गोपाळ देऊस्करांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं बघा. देऊस्कर मूळ अहमदनगरचे. त्यांचे चुलते हैदराबादेतले चित्रकार, म्हणजे आपण ज्या निजामाच्या राज्याची प्रजा होतो तिथले. रंगमंदिर उघडलं १९६८ मध्ये, बालगंधर्व त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. एका चित्रात ते पुरुषवेशात आहेत, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. वेश पार बदलला, डौल बदलला, मानेची लकब बदलली. पण गालाचं हाड, नाकाचं मूळ आणि हनुवटी यांतली अंतरं दोन्हीकडे तीच आहेत. स्त्रीभूमिकेतलं चित्र काढताना देऊस्करांना बाईचा तयार चेहरा वापरणं किती सोपं होतं! त्यांनी तो वापरला नाही. म्हणून ती बाई सुंदर दिसते आणि तरी बालगंधर्वच असतात.

आता रंगाकडे येतो, कारण इथं आपली मोठी गोची आहे. तैलरंग म्हणजे काय? रंगाची पूड आणि जवसाचं तेल. तुमच्या घरी चटणीला असतं तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेत घेत हळूहळू घट्ट होतं. त्याला काही दिवस लागतात. त्या सवडीतच चित्रकार गालाचा उजेड सावलीत अलगद मिसळू शकतो. युरोपातल्या व्यक्तिचित्रांचा मऊपणा या संथ वाळण्यात आहे. साधन तर आपल्या शेतातलंच निघालं, पण पुस्तकं आली तिकडची. रंगपेटीत 'फ्लेश टिंट' नावाची गुलाबट ट्यूब मिळायची. मांसाचा रंग म्हणे! वाशीच्या बाजारात त्या रंगाचं एक तरी माणूस दाखवा.

आपली सावळी कातडी रंगवणं गोऱ्या कातडीपेक्षा अवघड आहे आणि जास्त मजेचंही. ती नुसती तपकिरी नसते. उन्हात काम करून आलेल्या माणसाच्या कपाळावर, गालफडावर जी चकाकी असते ती निळसर असते, कारण वरचं आभाळ तिथं उतरलेलं असतं. सावलीकडचा गाल उलट ऊबदार, तांबूस, कारण खालच्या मातीवरून परतलेला उजेड तिथं पडतो. म्हणजे एका शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर आभाळ आणि जमीन दोन्ही असतात. पिवळी माती, काव, काळा, पांढरा आणि थोडा निळा, एवढ्यात सगळं येतं. हे न बघता तपकिरी ट्यूब पिळली की चेहरा मातीच्या मडक्यासारखा सपाट होतो. आणि गिऱ्हाइकाला खूश करायला पांढरा वाढवला की काय होतं ते चौकातल्या फलकांवर रोज दिसतंच. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधले सगळे दादा, भाऊ, आप्पा एकाच आईची लेकरं वाटतात. संगणकात गाल गुळगुळीत करण्याचं बटण असतं. तेरचा साचा, दुसरं काय.

फोटोबद्दल दोन शब्द. कारण तुमच्यापैकी कोणी माझ्याकडे आलाच तर फोटो घेऊनच येणार.

निजामाच्या राज्यात लाला दीनदयाळांसारखा अव्वल छायाचित्रकार होता, पण त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसले ते निजाम, नवाब आणि साहेब. या भागातल्या कष्टकरी माणसाच्या कितीतरी पिढ्या चेहरा न ठेवता गेल्या. पणजीचा चेहरा कसा होता, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? नंतर तालुक्याच्या गावी स्टुडिओ निघाले. लग्नात एक, नोकरीच्या अर्जाला एक, असे फोटो होऊ लागले. माणूस गेला की त्या इंचभर फोटोवर चौकोन आखायचे, मोठ्या कागदावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि कोळशाच्या पुडीनं तो चेहरा वाढवायचा, असा धंदा करणारे कलाकार गावोगाव होते. कला-इतिहासात त्यांना जागा नाही. मी त्यांना फार मानतो. धुरकट फोटोत कानाची पाळी कुठं संपते हे दिसत नसायचं, तेव्हा ते घरच्यांना विचारायचे, 'धाकट्या मुलाचा कान बापासारखा आहे का?' आणि धाकट्याला समोर बसवायचे. म्हणजे मेलेल्या माणसासाठीही जिवंत माणूस बघायचे.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींचा जो फोटो इथं व्यासपीठावर आहे तो अशाच जुन्या फोटोवरून वाढवलेला दिसतो. बघा, टोपीची सावली कपाळावर बरोबर एका बाजूनं पडली आहे. फोटो काढणाऱ्यानं त्यांना खिडकीशेजारी बसवलं असणार. बाजूनं उजेड, त्यामुळे नाकाची उंची कळते, गालाचा खळगा कळतो. आता आधारकार्डावरचा फोटो आठवा. उजेड समोरून, सपाट, माणूस गुन्हेगारासारखा बघतो आहे. अलीकडे श्रद्धांजलीच्या फलकासाठी बऱ्याचदा तोच वाढवतात, कारण म्हाताऱ्या माणसाचा दुसरा फोटो घरात सापडत नाही. आयुष्यभर हसत राहिलेली आजी शेवटी गावाला तशी दिसते.

मोबाईलचा फोटोही चित्रासाठी फसवा असतो. हातभर अंतरावरून काढला की नाक कॅमेऱ्याला जवळ आणि कान लांब, त्यामुळे नाक फुगतं, कान लपतात. फोटो काढायचाच असेल तर पाच-सहा हात मागं सरका आणि मग झूम करा. दुपारी अंगणात उभं करू नका, डोळ्यांच्या खाचा काळ्या होतात. दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन हातांवर बसवा, तोंड उजेडाकडे तिरपं. जुन्या घरांना खिडक्या कमी, पण दार मोठं. एकच उजेड, एकाच बाजूनं. चित्रकार स्टुडिओत पैसे खर्चून हीच व्यवस्था करतात.

शेवटी शिक्षकमंडळींशी थोडं भांडतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना आपली हजारो मुलं बसतात. वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. माणूस समोर बसवून काढायचा पेपर नाही. माणसं येतात ती स्मरणचित्रात. पाण्याच्या टाकीवरची रांग, आठवडी बाजार, पोतराज. तीही मुलं पाठ करून येतात, वहीतून वहीत उतरलेली. गोल डोकं, मागं वळलेली वेणी, चेहरा नाही. अ श्रेणी मिळालेल्या मुलानं बापाच्या नाकाकडे एकदाही नीट बघितलेलं नसतं. परीक्षेचा नमुना बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एक तास तुमच्या हातात आहे. कार्ट्रिज कागद, चार बीची पेन्सिल, आणि गावातलं एक माणूस, एवढंच लागतं.

माणूस कुठून आणायचा, असं मला एका शाळेत विचारलं होतं. म्हातारी माणसं आणा, त्यांच्या चेहऱ्यात हाडं दिसतात, मुलांना समजायला सोपी जातात. ती बसत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे. या भागातल्या बाईला 'आजी, तासभर नुसत्या बसा' म्हटलं तर ती पाच मिनिटांत उठून भांडी घासायला जाईल. तिला रिकामं बसवायचंच नाही. मांडीवर सूप द्या आणि ज्वारी निवडायला द्या. हात चालत राहतात, पण मान एकाच कोनात खाली राहते, नजर एकाच जागी राहते, आणि थोड्या वेळानं आपल्याला कोणी बघत आहे हे ती विसरते. पहिली दहा मिनिटं मुलांना पेन्सिल उचलू देऊ नका. ती विसरेपर्यंत नुसतं बघू द्या, मग सुरू करा. आधी मानेचा तिरपेपणा, मग डोक्याचा मोठा आकार, डोळे सगळ्यात शेवटी. आणि तास संपला की चित्रं आधी तिला दाखवा, मार्क नंतर द्या. कुठलं बरोबर आलं ते ती तुमच्याआधी सांगेल.